कागदाखालचा डाख

सोमवार, २७ सप्टेंबर १९२६
बोगद्याचा कॅम्प, वरची वस्ती

एडना,

आणि पळालास म्हणजे काय गं? मी निघालो मार्चमध्ये. तेव्हा खाण चालू होती, बाबांचा पगार चालू होता, आणि मे महिन्यात मालक फाटकांना टाळं ठोकतील हे मला काय स्वप्नात दिसलं होतं? तू लिहितेस, गावाला गरज होती तेव्हाच तू पळालास. हे वाक्य तुझं नाही. हे बाबांचं आहे, तू नुसती शाई घातलीस.

अंधाराला भ्याला म्हणतात ना मला? माझ्यापासून दोन हातांवर छत खाली आलं, तेव्हा बाबा तिथे नव्हते. मी वर आलो आणि परत उतरलो नाही. भ्यालो, हो. आणि आता कुठे आहे बघ. अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन बोगदा पोखरतोय, आणि खाणीत कोळसा तरी मिळतो, इथे नुसता दगड. यावर हवं तेवढं हसून घे, मीही हसतो कधीकधी. पाळी बदलताना मात्र हसू येत नाही.

भांडण पुरे. रेल्वेच्या पार्सलाने एक खोकं येईल, ते तू स्वतः जाऊन सोडव. आत डब्यातलं खारवलेलं गोमांस आहे, बारा डबे. पाच महिने तुम्ही पाव आणि चहावर काढताय, आईने पाव कमी आणि चहाच जास्त घेतला असणार हे मला इथून दिसतं. कुठून मिळाले, कसे मिळाले, ते विचारू नकोस. चोरीचे नाहीत. कोठारात मर्डो म्हणून एक माणूस आहे, त्याच्याशी माझी ओळख आहे, एवढं पुरे.

आईला म्हणावं, हॅश कर. इथेही हॅश मिळतं बरं का. आमचा स्वयंपाकी कॉनल आयर्लंडचा आहे, बटाटे, कांदा, मांस सगळं एकदम कढईत टाकतो आणि उलथनं घेऊन असा घोटत राहतो की शेवटी ते तान्ह्या बाळाला भरवावं तसं होतं. मी त्याला म्हटलं, आमची आई एकदा बिडाच्या तव्यात दाबून बसवलं की हात लावत नाही. कडेने करपट वास सुटला की मगच उलटते. तर तो म्हणाला, “मग जा ना आईकडे. इथे दोनशे जण ताट घेऊन उभे आहेत, वासाची वाट कोण बघतंय?”

वास मला अजून येतो गं. सोमवारी धुण्याच्या दिवशी चूल पेटलेलीच असायची, खिडक्यांवर वाफ, दोरीवर ओले कपडे, आणि त्या सगळ्या साबणाच्या वासातून कांदा चरबीत तांबूस होत असल्याचा वास. डब्याची किल्ली फिरवायची पाळी माझी. पत्र्याची पट्टी गुंडाळत गुंडाळत यायची आणि मांस एका तुकड्यात बाहेर पडायचं, कडेला ती पांढरी चरबी. तव्याला चिकटलेली खरपूस खरवड बाबांची, तिला कुणी हात लावायचा नाही. शिरक्यातलं बीट वाढलं की सगळं ताट लाल.

बाबांना सांगू नकोस कुणी पाठवलं ते. काकूने दिलं म्हण.

विल्फ

*

मंगळवार, ५ ऑक्टोबर

एडना,

खोकं पोचलं असेल. तुझं पत्र नाही, म्हणजे अजून रागावलेली आहेस, किंवा तोंडात घास आहे. दुसरं असेल तर बरं, असं लिहिणार होतो. आता तसं लिहवत नाही.

एक छोटीशी गोष्ट आहे. घाबरण्यासारखं काही नाही. डबे उघडायच्या आधी जरा निरखून बघ. रुंद बाजूला मधोमध कथिलाच्या डाखाचा एक ठिपका असतो, तो असायचाच. कारखान्यात हवा काढून घेतात आणि भोक बुजवतात. पण दोन ठिपके असले तर तो डबा बाजूला ठेव. मांजराला पण नको.

हे मला कॉनलने काल सांगितलं. झालं असं की माझ्या शेजारच्या फळीवर झोपणारा ह्यू आजारी पडला. ह्यू म्हणजे बेटावरचा तो थोराड पोरगा, ज्याच्याबद्दल मी लिहिलं होतं, घोरतो तो. रविवारी त्याने डबा फोडून चाकूने तसाच गार खाल्ला. सोमवारी सकाळी म्हणाला, विल्फ, कुणी दुसरा दिवा लावलाय का? मी म्हटलं, एकच आहे. तो म्हणाला, मला दोन दिसतात. आम्ही सगळे त्याला चिडवायला लागलो, कुठे लपवलीस बाटली, आम्हालाही दे. दुपारी त्याच्या पापण्या खाली आल्या त्या वर जाईनात. बोटाने उचलून आमच्याकडे बघायचा.

कॉनलने तो रिकामा डबा शेगडीजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिला. म्हणाला, “हा एकदा मेलेला डबा आहे. फुगला होता, कुणीतरी भोक पाडून वारा काढला आणि परत बुजवला.” असं करतात म्हणे काही हलकट लोक.

आपल्या डब्यांचं तसं नसेल. तरी बघ. आणि जे ठीक असतील तेही आईला म्हणावं खूप वेळ शिजव. कॉनलला मी विचारलं, शिजवल्यावर जातं ना ते? तो म्हणाला, मी माझ्या पोराला दिलं नसतं.

पाऊस थांबत नाही. डाकेची गाडी आज वर आलेली नाही, म्हणून हे पत्र खिशातच आहे. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

विल्फ

*

गुरुवार, ७ ऑक्टोबर
खालच्या गावातून, पोस्टाच्या बाकावरून

एडना,

ह्यू गेला. काल दुपारी. शेवटपर्यंत शुद्धीत होता, हेच वाईट. गिळता येत नव्हतं, आवाज फुटत नव्हता, पण मी बोललो की माझा हात दाबायचा. डॉक्टर खालून चालत आला कारण पावसाने रुळाखालची माती वाहून गेली, तीन दिवस गाडी नाही. तो पोचला तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. त्याच शिध्यातलं खाल्लेला आणखी एक जण पडून आहे.

मंगळवारचं पत्र खिशातच राहिलं होतं. ते यासोबत घालतोय, पण ते वाचू नकोस. म्हणजे वाच, पण त्यात ‘दोन ठिपके असले तर’ असं लिहिलंय ते विसर. एकही डबा उघडू नका. एकही. ठिपका मोजत बसू नका.

आज सकाळी डाकवाला खांद्यावर पिशवी टाकून पायी वर आला आणि त्यात तुझं पत्र. मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच निघालो. तू लिहितेस, पार्सलाच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं, बाबांनी ते वाचलं, आणि म्हणाले, “पळपुट्याचं अन्न माझ्या ताटात नको. पण पोरांनी कुणाचं काय बिघडवलंय?” आणि खोकं उचलून चॅपेलमध्ये नेऊन दिलं. शनिवारी खाणीवाल्यांच्या पोरांना तिथे जेवण आहे, बायका मोठ्या परातींत हॅश करणार आहेत, पोरं आत्तापासून विचारतायत खरंच मांस आहे का. तू हे मला टोचायला लिहिलंस, की बघ तुझी भेट बाबांनी कशी वाटून टाकली. एडना, मी डोंगर पळत उतरलो.

शंभरेक पोरं असतील ना?

पत्र शनिवारच्या आत पोचेल की नाही सांगता येत नाही, म्हणून तार केली. घरच्या पत्त्यावर नाही केली. तारवाला पोरगा सायकल घेऊन आपल्या दारात थांबला तर आईचं काय होईल ते मला माहीत आहे. आपला ल्यूक लढाईत गेला, त्या वेळी ती भांडी घासत होती, तार हातात घेतली तेव्हा हाताला फेस होता, आणि त्यानंतर नऊ वर्षं रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की ती मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहते. म्हणून पाळकसाहेबांच्या नावाने चॅपेलवर केली. ‘डबे विषारी. पोरांना देऊ नका. मातीत पुरा. विल्फ हेपल.’ खिडकीतल्या बाईने शब्द मोजले, मग माझ्याकडे पाहिलं आणि तडक मशीनकडे गेली.

आता तुला ते सांगतो जे मंगळवारी सांगितलं नाही. ‘काही हलकट लोक’ असं लिहिलं होतं. तो डाख मी लावला आहे.

ऐकून घे आधी. मर्डो म्हणाला, गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हाने डब्यात वारा धरतो, नुसता वारा काढला की माल पहिल्यासारखा. मला ते पटलं कारण मी खाणीच्या तबेल्यात दोन वर्षं काढली आहेत. पोटफुगीने घोडा आडवा पडला की आपला तबेलेवाला बरगडीमागे पोकळ सुई घालायचा, फुस्स करून वारा निघायचा, आणि संध्याकाळी तोच घोडा गाड्या ओढायचा. मी स्वतः त्याचं डोकं धरून बसलोय. मला वाटलं डब्याचंही तेच. मर्डो भोक पाडायचा, मी तापलेली सळई धरून डाख लावायचो. पैसे द्यायला त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याने डबे दिले. तेच ते बारा.

हे कुणाला बोलू नकोस. आईला तर नाहीच.

मी इथेच बाकावर बसतोय. उलट तार येईल म्हणून.

विल्फ

*

रविवार, १० ऑक्टोबर

एडना,

काही नाही. तार नाही, पत्र नाही. गुरुवारी पोस्ट बंद होईपर्यंत बसलो, मग खिडकीतली बाई म्हणाली, “बाळ, आली तर मी वर पाठवीन, तू जाऊन काहीतरी खा.” कॉनल मला कोरडा पाव आणि उकडलेलं अंडं देतो आणि समोर बसून राहतो.

काल शनिवार होता. दिवसभर बोगद्यात घड्याळ नसतं, तरी मला कळत होतं. आता चूल पेटली असेल. आता बटाटे चिरले. आता पोरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली बशी आणि चमचा. सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी होते, सगळे मागे पळतात. मी पळालो नाही, मला शिट्टी ऐकूच आली नाही. मुकादमाने कॉलर धरून ओढलं आणि जे बोलला ते मी लिहीत नाही.

डोळे मिटले की पोरं दिसतात. समोर दिवा एकच आहे आणि ती दोन म्हणतायत.

पाळकसाहेब गावाबाहेर गेलेले असले तर? दर महिन्याला ते खालच्या चॅपेलवर जातात ना? तार त्यांच्या दाराखालून आत सरकवून ठेवली असली तर? मला हे गुरुवारी सुचलं नाही. मला गोष्टी नंतर सुचतात.

एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

वि.

*

गुरुवार, १४ ऑक्टोबर

एडना,

तुझं पत्र आलं. आधी वाटलं उघडूच नये. कॉनलला दिलं, त्याला वाचता येत नाही, मग आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी त्यानेच फाडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

कुणी खाल्लं नाही. हे मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. एक डबा उघडून झाला होता, मांस फळीवर होतं, आणि तेवढ्यात पाळकसाहेब तार हातात घेऊन टोपीशिवाय धावत आले. बाबांनी ती वाचली, परत वाचली, आणि फळी तशीच उचलून मागे नेली. पोरांना बटाटे आणि कांदा मिळाला. काही पोरं रडली, काही बायका बाबांना म्हणाल्या की पाच महिन्यांत पहिल्यांदा मांस दिसलं आणि तेही तुझ्या पोराने नासवलं. बाबांनी माझ्यावरून ती बोलणी ऐकून घेतली, हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आणि आई. मी घरच्या पत्त्यावर तार केली नाही, तरी व्हायचं ते झालंच. सायकल आपल्या गल्लीतून चॅपेलकडे गेली ती तिने पाहिली. पाळकाकडे तार गेली म्हणजे घरच्यांना सांगायचं काम पाळकाला दिलंय, असं तिला वाटलं. आणि ते कुणाबद्दल असणार? तू लिहितेस, ती रस्त्यात बसली आणि दोन बायकांनी उचलेपर्यंत बसून राहिली, आणि तिला सांगितलं की विल्फ जिवंत आहे, त्यानेच तार केलीय, तर तिने आधी तुझ्या थोबाडीत दिली. मग तुझा हात धरून रात्रभर सोडला नाही. तू माझ्यावर चिडलीस यात काही चूक नाही.

पण एडना, तुझ्या पत्राच्या शेवटी जे आहे त्याने माझी झोप परत उडाली. तू लिहितेस की बाबांनी अकरा डबे कोळशाच्या ढिगाऱ्यामागे खोल पुरले. आणि माझ्या पत्रात बारा लिहिलेत, म्हणून तू आईला विचारलंस, आणि ती म्हणाली, हो, एक माझ्याकडे आहे. बाबा खोकं उचलायच्या आधी तिने एप्रनखाली घेतला होता. कुठे ठेवलाय ते सांगत नाही. म्हणाली, “मी बघितलाय. माझ्या डब्यावर एकच ठिपका आहे. माझ्या पोराने माझ्यासाठी चांगला निवडून घातला होता. बाकीचे त्या कोठारवाल्याने फसवून दिले असतील. तुझ्या बापाला तर निमित्तच हवं होतं त्याचं पाठवलेलं मातीत घालायला.” आणि सोमवारी धुण्याला चूल पेटेल तेव्हा ती हॅश करणार आहे, बाबांना बसवून खाऊ घालणार आहे, म्हणजे त्यांना कळेल पोरगा कसा आहे ते.

तू घर उलथंपालथं केलंस, सापडला नाही. मलाही सापडला नसता. तिने मुलांपासून साखर लपवण्यात आयुष्य घालवलंय.

आज गुरुवार. हे शनिवारी पोचेल, रूळ दुरुस्त झालेत. तू मला लिहितेस की आईला माझी पत्रं वाचून दाखवताना तू नको ते गाळतेस. मंगळवारचं ठिपक्यांपुरतंच वाचलंस, गुरुवारचं तर पूर्ण गाळलंस, म्हणजे तिला माहीतच नाही डाख कुणी लावला. मीच तुला तसं सांगितलं होतं. आता हे पत्र तू वाचू नकोस. बाबांच्या हातात दे. त्यांना म्हणावं आईसमोर बसून मोठ्याने वाचा, आणि काही सोडू नका. ते नाही म्हणाले तर म्हणावं, यात तुमचा जीव आहे.

बाबा, मी विल्फ.

इथून पुढे हे आईसाठी आहे, तुम्ही फक्त वाचा.

आई, तुझ्या डब्यावर एक ठिपका दिसतो कारण दुसरा कागदाखाली आहे. बाजूचा कागद ओला करून सोलून काढ, लाल बैल आहे त्या अंगाने. खाली कथिलाचा थेंब सापडेल, त्याला एक शेपूट असेल. सळई उचलताना माझा हात ओढला जातो, तसं शेपूट राहतं, कॅम्पात दुसऱ्या कुणाच्या डाखाला येत नाही. तो मी लावलाय. मर्डोने मला फसवलं नाही. फसवलं थोडं, पण सगळं नाही.

मी एडनाला घोड्याची गोष्ट सांगितली, ती खरी आहे. पहिले काही डबे केले तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मग एक दिवस मर्डो म्हणाला, यापुढे रुंद बाजूला नको, लोक बघतात. कागद सोडवायचा, खाली भोक पाडायचं, डाख लावायचा आणि खळीने कागद परत चिकटवायचा. आई, घोड्याला सुई घातलेली कुणी लपवत नाही. मला तेव्हाच समजलं. मी सळई तापवत उभा होतो आणि मला समजलं, आणि मी एवढंच विचारलं की कागद नीट चिकटेल ना. तशा चार डब्यांवर मी काम केलं. ह्यूच्या डब्यावर दोन ठिपके उघडे होते. तुझा त्या चारातला आहे. मी तुझ्यासाठी निवडला नव्हता. खोक्यात वर ठेवायला दिसायला चांगले म्हणून ते चार वर ठेवले, आणि तू वरचा घेतलास.

तुला वाटेल, तू डबा टाकून द्यावास म्हणून मी हे रचतोय. मग कागद सोल. शेपूट नसलं तर खुशाल शिजव.

ह्यूलाही आई आहे, बेटावर. तिला पत्र लिहायला मुकादमाने मला सांगितलं, आम्ही शेजारी झोपायचो म्हणून. मी लिहिलं की त्याला त्रास झाला नाही. तेही खोटं. तिला खरं लिहायची हिंमत माझ्यात नाही, तुला लिहिलं तेवढीच होती.

मर्डो मंगळवारपासून दिसत नाही. हवालदार आला आहे, कोठाराच्या खोलीत टेबल टाकून बसलाय, एकेकाला बोलावतो. काल त्याने मला विचारलं की डाख कोणी लावला आणि मी म्हटलं मला काय माहीत. कॉनल दारात उभा होता. आज सकाळी त्याने माझ्या समोर अंडं ठेवलं आणि बसला नाही, निघून गेला. हे पत्र पेटीत टाकलं की मी हवालदाराकडे जातोय. आधी पत्र, कारण एकदा त्या खोलीत गेलो की पेटीपर्यंत येऊ देतील की नाही कुणास ठाऊक. मला भीती वाटते आहे, बाबा. छत आलं होतं तेव्हापेक्षा जास्त. आपल्या भिंती पातळ आहेत, तुम्ही मोठ्याने वाचताय ते शेजारी ऐकत असतील. ऐकू देत.

डबा सापडला की उघडू नका. कुदळीने खोल खड्डा, वर दगड.

एडना, सोमवारी हॅश होऊ दे. आईची चूल रिकामी राहिली तर ती परत काहीतरी शोधेल. खाटकाकडे जा, त्याला म्हण छातीकडचं मांस दे, मिठात मुरवलेलं त्याच्या पिंपात असतंच, टाळेबंदीत कुणी घेत नाही म्हणून स्वस्तात देईल. उकळून घ्या, बारीक करा, आणि आईला तव्याजवळ एकटी सोडा. बाबांनी खाल्लं तर मला कळव. नाही खाल्लं तरी कळव. पत्र कॅम्पाच्या पत्त्यावर नको, खालच्या गावच्या पोलीस ठाण्यावर पाठव, तिथून मला मिळेल.

पगार कापून हातात आलं ते सगळं पोस्टल ऑर्डरने पाठवतोय, पुढच्या आठवड्याचं सांगता येत नाही: तीन पौंड, चौदा शिलिंग.